चार किलो काहीच नाही

"काय भरलंस आज, बोटिला?"

"कायबी न्हाई."

"किती?"

"डब्यासकट चार किलो."

मी वजनपत्रकावर 'काहीच नाही – ४ किलो' असं लिहायचो, आणि बोटिला निसेन पुढचा डबा उचलायची. दर शनिवारी सकाळी सात वाजता, हँगरच्या दारात, चार उन्हाळे हे बोलणं असंच झालं. परक्या माणसाला वाटलं असतं, दोघंही डोक्यानं गेलेत.

पण आमच्या मुलखात, म्हणजे डेन्मार्कच्या पार खालच्या अंगाला, 'कायबी न्हाई' नावाचा केक असतो. खाली पातळ खुसखुशीत चकती, वर अंड्याचा पांढरा बलक साखर घालून फेटलेला. तोंडात टाकला की गेला. काय खाल्लं? कायबी न्हाई. दुसऱ्या एकाचं नाव 'चांगला सल्ला'. तो लोखंडी साच्यात भाजतात, पापडासारखा होतो आणि हातात धरताच मोडतो. नाव त्यावरूनच पडलं असणार, असा माझा अंदाज.

आमच्याकडे कॉफीचं टेबल मांडायचं म्हणजे चौदा केक. सात मऊ, सात कडक. आजोबांच्या काळात इथं जर्मनांचं राज्य होतं. आमच्या डॅनिश सभाघरांना ते बिअर विकू देत नसत, म्हणून लोकांनी कॉफी सुरू केली, आणि नुसत्या कॉफीवर किती वेळ चळवळ करणार, म्हणून केक वाढत गेले. पाहुण्यानं आधी मऊ घ्यायचे, मग कडक, आणि चौदाही चाखायचे. तेराव्याला हात आखडला तर पुढचं बोलावणं येत नाही. पंधरावा करणारी बाई आगाऊ समजली जाते.

क्रागेलेव गावच्या सभाघरात हे टेबल बोटिलानं तीस वर्षं मांडलं. लग्नं, बारशी, मयती. नवरा लोहार होता, त्याच्याही मयतीला तिनंच मांडलं आणि दफनाहून आल्यावर पहिली विचारपूस केली ती टोर्टेची, म्हणजे थराथरांच्या केकची, मध्ये बसला का म्हणून. उंच, काटक बाई, मनगट पुरुषासारखं. स्वतः घास खायची नाही. "म्या करती," म्हणायची, "खायचं काम तुमचं." मग पोरं हॉटेलात लग्नं लावायला लागली, आणि सभाघर एका फर्निचरवाल्यानं गोदामाला घेतलं. बोटिलानं आपले चौदा डबे घासूनपुसून माळ्यावर ठेवले. त्या हिवाळ्यात ती गावात कुणाशी धड बोलली नाही. आमच्याकडे हे लगेच लक्षात येत नाही, कारण कुणीच कुणाशी फारसं बोलत नाही. पण लक्षात आलं.

आता लाउस्ट. लाउस्ट क्यारच्या दोन बस होत्या. रविवारी तो लोकांना जर्मनीतल्या डोंगरात फिरवून आणायचा. एकदा परतताना सगळी बस भिजून चिंब होती, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "लाउस्ट, जिथं पाऊस न्हाई तिथं न्हे की." त्यानं ते मनावर घेतलं. बसला पंख लावले की विमान होतं, असा त्याचा ठाम समज होता आणि तो आजही गेलेला नाही. इंग्लंडातून त्यानं छत्तीस आसनांचं, दोन पंख्यांचं, आधी तिघांनी वापरून सोडलेलं विमान आणलं. त्याचं पोट असं सुटलेलं होतं, की गावानं पहिल्याच दिवशी 'गाभण गाय' असं नाव ठेवलं. लाउस्टनं कंपनीला नाव दिलं 'सीमा विमान कंपनी', कारण जर्मनीची हद्द धावपट्टीच्या टोकापासून सात किलोमीटरवर. कप्तान अस्मुसला उडाल्या उडाल्या वळावं लागे, नाहीतर उगाच परदेशात जाऊन यायचं.

आम्ही सगळे मिळून अकराजण. मी आधी सहकारी डेअरीत दुधाचे कॅन वजन करायचो, म्हणून विमानाची वजनं माझ्याकडे आली. लाउस्ट म्हणाला, "निस, कॅन काय आन् मानूस काय, कड्या धरून ठिवायचं." उन्हाळ्यात दर शनिवारी मायोर्का. वाटेत फ्रान्समध्ये पेट्रोल, एकंदर सात तास. दुसऱ्या दिवशी मागच्या आठवड्याचे लोक भाजून घेऊन परत. हिवाळ्यात माणसं कुठं जात नाहीत, तेव्हा आम्ही एका दिवसाची कोंबडीची पिल्लं इटलीला पोचवायचो. तो वास मेपर्यंत टिकायचा. पहिल्या फेरीला प्रवासी एकमेकांच्या बुटांकडे संशयानं बघत बसायचे.

पहिल्या वर्षी विमानात काय द्यायचं हा प्रश्न आला, तसा लाउस्ट बोटिलाच्या दारात जाऊन उभा राहिला. मी सोबत होतो.

"मॉइन," लाउस्ट म्हणाला. आमच्याकडे येताना मॉइन, जाताना मॉइन.

"मॉइन."

"टेबल मांडशील का?"

"कुठं?"

लाउस्टनं वर बोट केलं. बोटिलानं वर बघितलं. छपराची पन्हळ गळत होती, तिला वाटलं तिच्याबद्दल बोलतोय.

"इमानात," लाउस्ट म्हणाला.

"टेबल हाय का तितं?"

"मांडीवर ताट घ्यायचं."

"मंग त्ये टेबल न्हवं." तिनं दार लावत आणलं आणि फटीतून विचारलं, "कप कसले?"

"कागदी. हलके असत्यात."

दार लागलं. पुढच्या शनिवारी ती चिनीमातीचे चाळीस कप, बशा आणि चौदा डबे घेऊन हँगरवर हजर झाली, ते पहाटे पाचपासून. कागदी कपांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

ती स्वतः मात्र कधी विमानात बसली नाही. "टेबल हालतं तितं म्या बसत न्हाई." रविवारी विमान उतरलं, की ती शिडीखाली उभी. हवाई सेविका ग्यूडा डबे खाली द्यायची, बोटिला झाकण उघडून आत बघायची. डबा रिकामा का भरलेला हे ती बघत नसे, तो रिकामाच असे. चुरा कसा पडलाय ते बघायची. मग विचारायची, "काय म्हनले?"

"वाईट न्हवतं म्हनले."

"हं."

ही आमच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी. त्याच्या खाली 'बरं हाय', म्हणजे साधारण. 'जेवन झालं' म्हणजे निंदा. आणि त्याच्या वरती काही नाहीच. कुणी 'अप्रतिम' वगैरे म्हटलं, तर आम्ही खिसे चाचपतो.

चौथ्या उन्हाळ्यात राजधानीहून पत्र आलं. कुठल्याशा छोट्या कंपनीचं विमान जास्त वजनामुळे धावपट्टी सोडून बीटच्या शेतात शिरलं होतं. कुणाला लागलं नाही, पण बीट गेले. म्हणून आता साऱ्या छोट्या कंपन्यांची वजनं तपासायला इन्स्पेक्टर येणार. तो म्हणेल ते विमानातून उतरवायचं, नाही उतरवलं तर विमान बंद.

लाउस्टनं ते बोटिलाला सांगितलं तेव्हा डोळ्याला डोळा दिला नाही. "बोटिला, त्यानं जर केक उतरवा म्हटलं, तर उतरवायला लागतील. मंग कोपनहेगनची खोकी. येका खोक्यात येक सँडविच, येक सफरचंद."

"आन् टेबल?"

"टेबल न्हाई मंग."

बोटिलानं एप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "कवा येनार?"

"शनिवारी."

"टोर्टे चांगला मुरायला पायजे मंग," ती म्हणाली आणि निघाली. पण जाताना मॉइन म्हणाली नाही.

इन्स्पेक्टरचं नाव वेस्टरगोर. निळा कोट, चामडी बॅग, केस पाण्यानं बसवलेले. सहा मैलांवरून कळावं, माणूस राजधानीचा. सगळ्यांनी मॉइन म्हटलं. त्याला वाटलं सगळे निघाले, म्हणून तो म्हणाला, "थांबा, मी आत्ताच आलोय."

मग त्यानं माझं वजनपत्रक उघडलं. मी ते शुद्ध भाषेत लिहायचो, कारण सरकारी कागद. बोलताना 'कायबी न्हाई', लिहिताना 'काहीच नाही'. इथंच माती खाल्ली.

"हे काय आहे? 'काहीच नाही – चार किलो'?"

"काहीच नाही, हेर वेस्टरगोर."

"मग चार किलो कसं?"

"डब्यासकट."

"म्हणजे रिकामा डबा चार किलोचा?"

"रिकामा नाही. भरलेला."

"कशानं?"

बोटिला मागून म्हणाली, "कायबी न्हाईनं."

इन्स्पेक्टरनं चष्मा काढला, पुसला, लावला. "आणि हा 'चांगला सल्ला – तीन किलो'?"

"त्यो म्या उडायच्या आदी घेतो," कप्तान अस्मुस शिडीवरून म्हणाला.

"आपण सगळे मिळून सरकारची थट्टा करताय का?"

बोटिलानं तेव्हा डब्याचं झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरलं. तो वाकून बघत राहिला. मग त्यानं लाल पेन्सिलीनं माझ्या पत्रकावर 'काहीच नाही' या शब्दांखाली एक रेघ मारली, आणि हुकूम दिला: सगळं वजन करा. सामान, केक, कप, माणसं.

पिठाच्या गिरणीतला धान्याचा काटा ट्रॅक्टरवर घालून आणला. नियमाप्रमाणे माणशी पंच्याहत्तर किलो धरायचे, आणि मी चार वर्षं इमानदारीनं तेच धरत आलो होतो. पहिला चढला थ्यूगे राउन, डुकरं पाळणारा. इन्स्पेक्टरनं आकडा मोठ्यानं वाचला. "एकशे बारा."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "थ्यूगे, तुझ्या डुकरांपरीस तूच चांगलं वजन धरलंस की."

"डुकरांना बोटिलाचं केक मिळत न्हाईत," थ्यूगे म्हणाला.

त्याच्या मागून त्याची बायको आली. तिनं आधी टोपी काढली, मग कोट काढला, मग बूट, आणि इन्स्पेक्टरला म्हणाली, "मनातल्या मनात वाचा." त्यानं मनात वाचलं, पण भुवया वर गेल्या. ते सगळ्यांनी बघितलं.

पस्तीसजण झाले. इन्स्पेक्टरनं बेरीज केली, पुन्हा केली. मग एकदा डब्यांकडे बघितलं, एकदा रांगेकडे. मला वाटतं, त्याला त्या घटकेला कळलं की चार वर्षांचे केक नक्की कुठं साठलेत. त्यानं स्वतःचं वजनही करून घेतलं. एक्क्याण्णव. रांगेनं मान हलवली, तब्येत बरी हाय म्हणून.

"जास्त भरलंय," तो म्हणाला. "एकशे सत्तर किलो कमी केल्याशिवाय विमान हलणार नाही. हे टेबल, कपबशा, कॉफी मिळून एकशे अठरा. इथून सुरुवात करू."

बोटिला डब्यांच्या आणि त्याच्या मध्ये उभी होती. हात एप्रनखाली.

लाउस्टनं खाकरून पाहिलं. "हेर वेस्टरगोर, लोकांनी आत्ता हितंच खाल्लं तर? म्हंजी डब्यांतनं कमी झालं."

"डब्यातून जाऊन पोटात जाईल. विमानाला काय फरक?"

लाउस्टनं विचार केला. "बसला पडत नव्हता," म्हणाला.

मग इन्स्पेक्टरचं लक्ष थ्यूगेच्या सुटकेसकडे गेलं. ती तो दोन्ही हातांनी उचलत होता. "यात काय आहे?"

"कापडं."

"उघडा."

वर एक पोहण्याची चड्डी होती. खाली बटाटे. वीस किलो, मातीसकट.

"स्पेनमध्ये बटाटे मिळतात," इन्स्पेक्टर म्हणाला.

"मिळत आसतील. पर त्ये वळखीचं न्हाईत."

एकेक करून सुटकेस उघडल्या. सतरा सुटकेसांत बटाटे, सहांत राय धान्याचा काळा पाव, एकीत अख्खं खारं डुकराचं मांस आणि त्याच्यावर नीट घडी घातलेला रेशमी स्कार्फ. मी डेअरीतला माणूस, कॅन वरून झाकलेला असला की आत दूध आहे असं धरायचो.

"ठीक आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्हीच ठरवा. बटाटे का केक?"

लोक जमिनीकडे बघत होते. आमच्या माणसाला परमुलखात बटाट्याशिवाय आठ दिवस काढायचे म्हणजे काय, हे राजधानीच्या माणसाला नाही कळायचं. बोटिला कुणाकडेच बघत नव्हती, धावपट्टीच्या टोकाकडे बघत होती.

थ्यूगेनं सुटकेस उचलली, चार पावलं चालला आणि काँक्रीटवर पालथी केली. बटाटे घरंगळत हँगरच्या दारापर्यंत गेले. चड्डी तेवढी उचलून खिशात कोंबली. मग त्याच्या मागचा. मग त्याच्या मागचा. मांसवाल्या बाईनं स्कार्फ डोक्याला बांधला आणि मांस अस्मुसच्या सायकलच्या कॅरिअरला अडकवलं. ढीग गुडघ्याएवढा झाला.

बोटिलानं एप्रननं नाक पुसलं. "वारं लई सुटलंय," म्हणाली.

हँगरवरचं निशाण काठीला चिकटून लोंबत होतं.

इन्स्पेक्टर त्याच विमानातून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. ग्यूडानं सांगितलं, त्याला थ्यूगेच्या बायकोशेजारी जागा मिळाली. त्यानं आधी कडक उचलला, तिनं हातावर चापट मारून खाली ठेवायला लावला. मग त्यानं क्रमानं चौदाही खाल्ले. 'कायबी न्हाई' दोनदा मागून घेतला. शिडी उतरला आणि थेट बोटिलासमोर जाऊन तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "फ्रू निसेन, अप्रतिम होतं. केवळ अप्रतिम!"

बोटिलाचा चेहरा पडला. तो गेल्यावर मला म्हणाली, "निस, येवढं ग्वाड बोलला म्हंजी मनात कायतरी हाय."

"आसंल," मी म्हटलं. मलाही तसंच वाटलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. चार पानं, प्रत्येक पानावर गोल शिक्का. लाउस्टनं कचेरीत आम्हा सगळ्यांसमोर वाचला. माणसांचं खरं वजन धरा, सुटकेस उघडून बघा, पिल्लांचा वास घालवा. मग सातवं कलम आलं, आणि लाउस्ट थांबला.

"वाच की," बोटिला म्हणाली.

"'विमानातून कमी करण्याचे पदार्थ: काहीच नाही.'"

अहवालाला माझं वजनपत्रक टाचलेलं होतं, आणि त्यावर 'काहीच नाही' खालची ती लाल रेघ.

तुम्ही हसाल. आता मीही हसतो. पण त्या दिवशी अकरा शहाणी माणसं त्या कागदाभोवती उभी होती, आणि अकराच्या अकरा जणांना एकच अर्थ कळला: चौदातला तो एक केक काढा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांची चेष्टा करणारी माणसं आम्ही, पण शिक्का मारलेला कागद चेष्टा करतो हे आमच्या कुणाच्या बापजाद्यांत घडलं नव्हतं.

"दोनदा मागून खाल्ला की त्यानं," ग्यूडा हळू म्हणाली.

"म्हनूनच काढला आसंल," अस्मुस म्हणाला. "वजन कळलं त्याला."

लाउस्ट गडबडीनं म्हणाला, "बोटिला, येकच तर हाय. तेरा हायत की अजून."

"तेरा?" ती म्हणाली. "सात मऊ, सा कडक? त्येला टेबल म्हनत्यात का? त्ये पोरांचं खेळनं झालं."

"मंग कडक दुसरा कर कुठला तरी."

"लाउस्ट, तुझ्या बसचं येक चाक काढलं आन् त्याच्या जागी भोपळा लावला, तर चालंल का तुला?"

त्या शनिवारी ती आली नाही. कोपनहेगनहून खोकी आली. एक सँडविच, एक सफरचंद, एक कागदी रुमाल. पुढच्या आठवड्याच्या रविवारी ते लोक परत उतरले तेव्हा शिडीखाली मी उभा होतो. थ्यूगेची मेहुणी होती त्या फेरीला. मी विचारलं, "कसं व्हतं?"

"जेवन झालं," ती म्हणाली, आणि ते आठ दिवस आधीचं असूनही तिला आठवत होतं.

दुसऱ्या शनिवारीही तेच. आता पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवताना लोक लाउस्टला विचारायला लागले, टेबल हाय का न्हाई. लाउस्ट 'बघू' म्हणायचा. बोटिला गावात दिसेना. दुकानदार म्हणाला, लोणी नेणं बंद केलंय. हे ऐकून मात्र मी घाबरलो.

सोमवारी ती कचेरीत आली, कपबशा परत न्यायला. हँगरच्या फळीवरून एकेक कप काढून वर्तमानपत्रात गुंडाळत बसली. मी तो कागदाचा आवाज ऐकत बसलो, आणि मग मला सहन होईना. मी राजधानीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. जमेल तेवढा शुद्ध बोललो.

"हेर वेस्टरगोर, तुम्ही विमानातून जे काढायला लावलंत..."

"मी काहीच काढायला लावलं नाही."

"हो. ते काढलं आम्ही."

"काय काढलं?"

"काहीच नाही."

"मग सगळं ठीक आहे."

"ठीक कसं? त्यामुळे बाई रडकुंडीला आलीय."

"कोन रडकुंडीला?" फळीकडून आवाज आला.

"कशामुळे?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"काहीच नाहीमुळे."

"कमाल आहे. काही झालं नसताना रडायचं कशाला?"

"झालंय ना! तुम्ही लिहिलंत, काढा."

"मी काय काढा लिहिलं?"

"काहीच नाही!"

"तेच तर मी म्हणतोय!"

तिकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग तो सावकाश, पोराला समजावावं तसा म्हणाला, "हे बघा. सध्या तुम्ही विमानात काय देता?"

"खोकी."

"केक नाहीत?"

"नाहीत."

"म्हणजे काहीच नाही?"

"साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, "काहीच-नाही सुद्धा नाही!"

मग तिकडून "अरे देवा" असं अगदी बारीक ऐकू आलं.

"तो विनोद होता," तो म्हणाला.

"कोणता?"

"सातवं कलम. एकोणीस वर्षं नोकरी केली, अहवालात कधी एक विनोद केला नाही. म्हटलं, तुमच्याकडची माणसं विनोदी आहेत, त्यांना आवडेल. काही काढू नका, आणि तो केकही लक्षात आहे, असं दोन्ही सांगायचं होतं. माझी बायको म्हणाली होती, करू नका."

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि बोटिलाकडे वळलो. "बोटिला, चेष्टा व्हती ती. कायबी काढायचं न्हवतं."

"म्हंजी कायबी न्हाई काढायचं?"

"न्हाई! म्हंजी, काढायचं न्हाई. चौदाच्या चौदा ठिवायचे."

ती हातातला कप तसाच धरून उभी राहिली. मग आली आणि माझ्या हातून रिसीव्हर घेतला. मला वाटलं, आता त्या माणसाचं काही खरं नाही.

"मॉइन," ती म्हणाली. "बोटिला निसेन. केक कसा व्हता?"

मी कान जवळ नेला. बिचारा काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता. थ्यूगेच्या बायकोनं सात तासांत त्याला किती शिकवलं होतं, कोण जाणे. शेवटी जपून, एकेक शब्द चाचपत तो म्हणाला, "वाईट... नव्हता."

"हं," बोटिला म्हणाली. "मॉइन." आणि फोन ठेवला.

मग तिनं गुंडाळलेले कप एकेक करून पुन्हा सोडले, फळीवर उपडे मांडले आणि वर्तमानपत्रांची नीट घडी घालून पिशवीत ठेवली. जाताना म्हणाली, "निस, दुकानदाराला निरोप दे. लोनी धा पाकिटं. आन् त्या राजधानीच्या बाबाला लिव, पुढल्या टायमाला चेष्टा करनार आसला तर आदी वर तसं लिवत जा."

मी लिहिलं. शुद्ध भाषेत, तिच्याच शब्दांत.

इन्स्पेक्टर माणूस नियमाचा. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, काटा लावला, चौदा केक खाल्ले, या वेळी आपण होऊन मऊपासून. बोटिला कणीक थापत असताना अहवाल आला म्हणून लाउस्ट कागद घेऊन धावतच तिच्या स्वयंपाकघरात शिरला, मी मागून.

"सातवं कलम," तो धापा टाकत म्हणाला. "'विमानातून कमी करण्याचे पदार्थ: काहीच नाही. ही चेष्टा नव्हे.'"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. लाउस्टचा रंग उतरला. "निस, चेष्टा न्हवं म्हनतोय. म्हंजी या टायमाला खरंच काढायचा का काय?"

मी पुन्हा वाचलं, शिक्का बघितला, मागची बाजू बघितली.

बोटिलानं भट्टीचं दार उघडलं, फडक्यानं ताट बाहेर ओढलं. वर पांढरेशुभ्र, कडेला किंचित तांबूस झालेले, साठएक 'कायबी न्हाई'. ते टेकवायला तिनं जागा शोधली. मग लाउस्टच्या हातातला कागद काढून घेतला, टेबलावर पसरला, आणि गरम ताट बरोबर शिक्क्यावर ठेवलं.

"शनिवारी चार किलो धर, निस," ती म्हणाली. "डब्यासकट."